मानेवरचा मळ

शीलानं पोरीच्या मानेला चण्याचं पीठ लावून पाहिलं, दही लावून पाहिलं, लिंबाची फोड घासून पाहिली, अन् शेवटी टाचा घासायचा दगड घेऊन बसली. पायल बोंबलत होती. "याडी, जळते वं! सोड मले!" बंजाऱ्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात, पण त्या वेळी शीला याडी कमी अन् फौजदार जास्त होती. पाचवीत गेली पोट्टी, अन् अजून मान धुता येत नाही म्हणजे काय? उद्या शाळेतल्या बाया विचारतील, हिला माय हाय का नाई! घासून घासून मान लालभडक झाली, पण वळीतला तो काळा पट्टा जागचा हलला नाही.

शाळेत तपासणीची गाडी आली, तेव्हा डॉक्टरीणबाईनं सगळ्यांत आधी त्या मानेलाच हात लावला. मग वजन घेतलं, पोटाला टेप लावला, अन् यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. शीलाला वाटलं, आता मळाची पण चिठ्ठी देतात की काय! कुठं तोंड लपवू असं झालं तिला.

यवतमाळला पुष्पा मॅडम भेटल्या. लेकरांचं खाणंपिणं पाहणारी बाई. दिसायला साधी, बोलायला गोड, पण एकदा धरलेली गोष्ट सोडायची नाही, अशातली. रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "ताई, हा मळ नाहीये. कितीही घासा, जाणार नाही. अंगात साखरेची गडबड सुरू झाली, की काही लेकरांची मान अशी काळी पडते. पायलला साखर अजून लागलेली नाही. पण लागायच्या बेतात आहे."

साखर म्हणजे काय, हे शीलाला कोणी सांगायची गरज नव्हती. तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ खेमसिंग, चांगला धिप्पाड माणूस. आधी त्याच्या पायाचं बोट काढलं, मग पाऊल काढलं, अन् मग माणूसच गेला. तिला वाटायचं, हे वय झालेल्या माणसाचं दुखणं. लेकराला होते म्हणजे काय, बाप्पा!

"मंग गोळी द्या," ती म्हणाली. "भारीतली द्या."

"गोळी नाही. या वयात आधी घर बदलून पाहायचं. पायलला वेगळं ताट नाही वाढायचं. जे ती खाईल तेच तुम्ही दोघं खायचं. आधी तुम्ही बदला, मग तिला सांगा. वजन पण तिघांचं होईल."

शीलाचा नवरा शंकरसिंग दारव्ह्याहून तांड्यापर्यंत सवारीची जीप चालवायचा. बसून बसून त्याचं पोट स्टेअरिंगला टेकायला लागलं होतं. काट्यावर चढताना त्यानं चपला काढल्या, खिशातला मोबाईल काढला, जीपची किल्ली काढली. काट्यावर काही फरक पडला नाही. "आजार पोट्टीले, अन् काट्यावर मी कायले?" तो कुरकुरला. "ती तुमच्याकडे पाहून जेवते ना दादा, म्हणून," पुष्पा मॅडम म्हणाल्या, अन् त्या हसल्या पण नाहीत.

मग त्यांनी खाण्याचे रंग समजावले. हिरवं खाणं पोटभर खा, पिवळं मोजकं खा, अन् लाल खाणं, म्हणजे तळलेलं, गोड, पाकिटातलं, ते घरात आणूच नका. समोर दिसलं की मन होतंच, मोठ्यांचं पण होतं. पोरीला कोणी जाडी म्हणायचं नाही. तिनं काही चांगलं केलं की लगेच शाबासकी द्यायची, पण खाऊ द्यायचा नाही. त्याऐवजी बापानं सायकल शिकवावी, आईनं खेळायला जावं. रोज संध्याकाळी तासभर धावपळ. अन् दर गुरुवारी तिघांनी दवाखान्यात यायचं.

"घरात आणखी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाई," शीला तोडूनच बोलली. "आम्ही तिघंच."

शंकरसिंगनं तिच्याकडे पाहिलं अन् मग खाली पाहिलं.

रेशनकार्ड काढून पाहिलं असतं तर शीला खोटं बोलली नव्हती. पण अंगण तर एकच होतं. त्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भुरीबाई राहायची, खेमसिंगची बायको, शीलाची मोठी जाऊ. भुरीबाईला मूलबाळ नाही. शीला अन् शंकरसिंग आधी ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. त्या सगळ्या वर्षांत पायलला भुरीबाईनं वाढवलं. पोरगी दोघींनाही आई म्हणायची, ही याडी अन् ती मोठी याडी. मग शंकरसिंगनं जीप घेतली, ऊसतोड सुटली, शीला कायमची घरी आली. पुढं खेमसिंग वारला. त्याचं दिवसपाणी होताच भुरीबाईनं एका सकाळी आपला तवा उचलला अन् पलीकडच्या खोलीत वेगळी चूल मांडली. कोणी काढलं नव्हतं तिला, कोणी उलटा शब्द बोललं नव्हतं. पण तांड्यात बोभाटा झाला तो असा, की शीलानं विधवा जावेला घराबाहेर काढलं!

हे शीलाला जे झोंबलं, ते झोंबलंच. "मी तिले काढलं का?" ती नवऱ्याला म्हणायची. "तिनं मले काढलं! चारचौघांतून काढलं!" तेव्हापासून दोघी जावा एका अंगणात राहून एकमेकींच्या सावलीशी बोलत नव्हत्या. पायललाही तिकडे जायची बंदी होती.

यवतमाळहून आल्याबरोबर शीलानं पदर खोचला अन् घर उलटंपालटं केलं. शेवेचा डबा, बुंदी, गुळाच्या पाकातले फल्लीदाण्याचे लाडू, पाकिटातले चिप्स, थंड्याची बाटली, सगळं उचलून शेजारच्या बसंतीबाईच्या घरी नेऊन टाकलं. बसंतीबाईनं ते खाल्लं, अन् खातखातच तांडाभर सांगत फिरली, की शीला पोरीला उपाशी मारते. जाड राहिली तर पुढं लगन जमणार नाही म्हणून आतापासूनच मारते. चांगुलपणा करावा तर असा!

घरात आता ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, घोळाची नाही तर अंबाडीची भाजी, काकडी, असं सुरू झालं. शंकरसिंग पहिले काही दिवस ताटासमोर असा बसायचा, की जसं कोणी वारलंच घरात. पण बसायचा बिचारा. शीलाला सगळ्यांत जड गेलं ते शाबासकी देणं. तिच्या तोंडाला सवयच नव्हती. "शाब्बास!" असं ती खेकसायची, अन् पायल दचकून विचारायची, "माहं काय चुकलं?" तरी पोरगी शहाणी. कुरकुर नाही, हट्ट नाही. संध्याकाळ झाली की "खेळाले जातो" म्हणून निघायची, अन् दिवेलागणीला घामेजून परत यायची.

अन् वजन? शीलाचं उतरलं. कापूस वेचताना तिला वाकायला सोपं जाऊ लागलं. शंकरसिंगच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. पण पायल काट्यावर चढली की शीला आकड्यावर वाकून पाहायची. पायलचं वजन हलत नव्हतं. एका गुरुवारी तर वाढलेलं निघालं. मायबाप वाळून राहिले अन् लेक तिथंच, याला काय म्हणावं?

"रागावू नका तिला," पुष्पा मॅडम पायलला बाहेर पाठवून म्हणाल्या. "पण कुठंतरी खाणं होतंय. पाहा जरा. पोलिसासारखं नाही, आईसारखं पाहा."

शीलानं मान डोलावली, अन् घरी येऊन पोलिसासारखंच पाहायला लागली. तिला दुसरं येतच नव्हतं. पोरीचं दप्तर पालथं केलं, चड्डीचे खिसे चाचपले, झोपल्यावर तिच्या तोंडाचा वास घेतला. डाळीच्या डब्यात हात घालून पाहिला. रात्री नीट झोप नाही, दिवसा वावरात नीट हात चालत नाही. ओंजळीत बोंडाऐवजी पालाच यायचा अन् मुकादमीण ओरडायची. डोळ्यांपुढं एकच दिसायचं, खेमसिंगचा बांधलेला पाय. त्या पायाच्या जागी ती पायलचा पाय पाहायची अन् मधेच उठून उभी राहायची. आपण काहून उठलो, हेच तिला कळत नसे.

पहिला संशय नवऱ्यावर. एका बाजाराच्या दिवशी ती दुसऱ्याच जीपमध्ये बसून दारव्ह्याला गेली, अन् स्टँडमागच्या हॉटेलात जाऊन उभी राहिली. शंकरसिंग आलूबोंड्यावर तर्री ओतून घेत होता. अर्धा बोंडा तोंडात, अर्धा हातात, अन् समोर बायको!

"पोट्टीले बी हेच चारता ना तुम्ही?"

"पायलची शपथ!" शंकरसिंग बोंडा गिळत ओरडला. "मी एकटाच खातो!"

सगळं हॉटेल हसलं. शीला नाही हसली. तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं, की माणूस खोटं बोलत नाही. मग ती रामरावच्या दुकानात गेली. "तुही पोट्टी तं आता दुकानाकडे पाहत बी नाई, मानच वळवते," रामराव म्हणाला. शाळेत गेली, खिचडी वाढणाऱ्या बाईशी भांडून आली. बाई म्हणाली, पायल दुसऱ्यांदा मागतच नाही. मग खाते कुठं ही? काय हवा खाते?

शेवटी तिला जे कळलं, ते साबणावरून कळलं. नाही तर अंघोळीला ओढत न्यावं लागायचं त्या पोरीला, अन् हल्ली खेळून आली की न सांगता मोरीत जायची, साबण लावून हात धुवायची, मग जेवायला बसायची. शीला किती तरी दिवस खुश होती, की मॅडमच्या नादानं पोरीला चांगलं वळण लागलं. शाबासकी पण दिली होती मूर्खासारखी! खेळून आलेलं लेकरू हात पाय धुतं. ही फक्त हात धुते. बोटं चोळून चोळून धुते.

त्या संध्याकाळी पायल "जातो" म्हणून निघाली, तशी शीला मागच्या दारानं तुरीच्या वावराच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं गेली. पोरगी शाळेच्या मैदानाकडे वळलीच नाही. तांड्याला एक चक्कर मारून, मागून येऊन, आपल्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भुरीबाईच्या दारात शिरली. आतून आवाज आला, "आव, बेस." ये, बस.

शीला दाराशी आली. चूल पेटलेली होती. दोन ताटं होती. पायलच्या ताटात चुरमो होता, पोळीचा चुरा, त्यात गूळ अन् तूप. भुरीबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती अन् पायल एकेक घास खात होती.

"घास टाक खाली!"

पायलचा हात तिथंच थिजला. भुरीबाई उठली नाही. किती तरी दिवसांनी ती शीलाशी बोलली, अन् बोलली ती अशी, "लेकराच्या तोंडातला घास काढाले आली का वं? तांडा सांगून राह्यला, तू पोट्टीले उपाशी मारतं म्हून. मले खरं वाटत नोतं. आता पाह्यलं डोळ्यानं."

"उपाशी?" शीलाचा आवाज फाटला. "भाभी, तिले साखर लागून राह्यली!"

भुरीबाईचा चेहरा कोरा झाला. शीलानं पोरीला चुलीकडे फिरवलं, वेणी बाजूला केली. "पाह्य. हा मळ नोहे. दवाखान्यात सांगतलं. हे साखरेचं हाय."

भुरीबाईनं हात पुढं केला. त्या काळ्या पट्ट्यावरून तिनं बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "त्याची बी अशीच होती," ती म्हणाली. "मी दगडानं घासत होती. म्हणत होती, अंघोळ करता का नुसतं पाणी ओतता? भांडत होती मी त्याच्यासंगं, शीला. मळासाठी भांडत होती."

आता इथं शीलानं गप्प बसायला पाहिजे होतं. दगड तिनं पण घासला होता. पण इतक्या दिवसांचा राग, धावपळ, झोपेविना जळणारे डोळे, सगळं एकदम जिभेवर आलं. "मंग आता तरी चारू नोको," ती म्हणाली. "का आणखी एक पाय कापलेला पाहाचा हाय तुले?"

भुरीबाईनं पायलपुढचं ताट ओढून घेतलं, चुलीमागं ठेवलं अन् भिंतीकडे तोंड करून बसली. शीला पोरीला दंडाला धरून घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायल गेलीच. शीलानं अडवलं नाही. तिला पाहायचं होतं काय होतं ते. भुरीबाईचं दार आतून लावलेलं होतं. "मोठी याडी!" पायलनं कडी वाजवली. "मोठी याडी, मी हाव!" आत माणूस आहे हे कळत होतं, बांगडी वाजली होती. दार उघडलं नाही. शेजारच्या बाया आपापल्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. पायल दाराला थापा मारत राहिली, मग हाका मारता मारता तिचा आवाज रडका झाला, अन् मग ती नुसतीच उभी राहिली.

खरं सांगायचं तर शीलाला आधी बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. सुटला एकदाचा प्रश्न! पोरगी आपलीच राहिली, अन् वजनही उतरेल. तिनं हौसेनं वांग्याची भाजी केली, भाकरी टाकल्या. पायल ताटावर बसली, भाकरीचा तुकडा मोडला अन् ठेवून दिला. "भूक नाई." मॅडमनं सांगितलं होतं, जबरदस्ती करू नका. शीलानं नाही केली.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. या वेळी पायल भुरीबाईच्या दाराशी गेली पण नाही. उंबऱ्यावर बसली अन् पलीकडच्या कौलांकडे पाहत राहिली. शंकरसिंग सायकल घेऊन आला, "चाल, शिकवतो," म्हणाला, तर तिनं नाही म्हणून मान हलवली. शीला आत जायची, बाहेर यायची. चुलीवर दूध आहे का नाही ते पाहायला जायची अन् दूध न पाहताच परत यायची. काही तरी हातातून सुटून चाललं होतं, अन् काय सुटलं ते तिला सापडत नव्हतं.

"काय पाहून राह्यली वं?" शेवटी तिनं विचारलं.

"धूर."

"कायचा धूर?"

"मोठ्या याडीच्या चुलीचा. काल बी नाई निघाला, आज बी नाई." पायलनं नाक पुसलं. "ती एकटी असली तं चूलच पेटवत नाई. चहा पिते अन् निजते. मी गेली तंच सयपाक करते. अन् मी खाल्लं तंच खाते. मी नाई म्हटलं का ती बी ताट सारते."

शीला तिच्याजवळ खाली बसली. "तं तू तिथी जेवून मंग इथी जेवत होती?"

"हाव."

"इतकी भूक लागत होती तुले?"

"नाई वं याडी," पायल म्हणाली. "भूक नोती लागत. पोट दुखे माहं. पण इथी नाई जेवली तं तुले राग येते, अन् तिथी नाई जेवली तं ती उपाशी राहते."

शीलाला रडू आलं, अन् ते तिनं लपवलं नाही. काय काय शोधलं तिनं! खिसे पाहिले, डबे पाहिले, दारव्ह्यापर्यंत धावली. पोरगी हावरी आहे असं धरून चालली. अन् ही एवढीशी पोट्टी दोन घरांच्या दोन बायांना सांभाळून राहिली होती, पोटात जागा नसताना घास ढकलून ढकलून. अन् आपण काय केलं? जिचा नवरा गेला तिच्याच तोंडावर त्याचा कापलेला पाय फेकला. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी नकोशी झाली ती स्वतःला.

ती उठली. भाजीचं पातेलं घेतलं, भाकरी फडक्यात बांधल्या, अन् शंकरसिंगला म्हणाली, "तुमचं ताट झाकून ठेवलं हाय, घेऊन खा." मग पायलचा हात धरून सरळ अंगण ओलांडलं. बाया पुन्हा ओट्यावर आल्या. बसंतीबाईनं तर दिवाच बाहेर आणला. येऊ दे, पाहू दे!

"भाभी, दार उघड."

"जा वं," आतून आवाज आला, बारीक, खोल गेलेला. "मले भूक नाई."

"दार उघड मी म्हणतो."

"नाई उघडत. उघडलं तं पोट्टी येते. पोट्टी आली तं माहे हात राहत नाईत." आवाज दाराजवळ आला. मग पुन्हा, "म्हून तं मी तवा वेगळा केल्ता. म्हटलं, तू परत आली, आता लेकरू मायच्या हातचं खाऊ दे. अन् तेबी नाई जमलं मले. आली का चारतच होती. माह्या जवळ दुसरं हाय काय तिले द्याले?"

शीलाला हे माहीत नव्हतं. इतके दिवस ती जे अपमान म्हणून उराशी धरून बसली होती, ते हे होतं! तिनं कपाळ दाराला टेकवलं.

"भाभी, आईक. तू जेवत नाई म्हून ही दोनदा जेवते. तिले भूक नोती. पोट दुखत होतं तिचं, तरी खात होती, का खाल्लं तं तू खाशीन. आता तिनंच सांगतलं मले. अन् दोन दिवस झाले, तुही चूल पेटली नाई म्हून तिनं बी घास घेतला नाई. आता तू काय करतं ते कर."

ओट्यावरच्या बाया कुजबुजायच्या थांबल्या. मग कडी निघाली. भुरीबाई दारात उभी होती, केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. तिनं शीलाकडे पाहिलंच नाही. "पायल," ती म्हणाली, "खरं हाय का हे?"

पायलनं मान डोलावली.

"येडी वं माही बाई," भुरीबाई म्हणाली, अन् बाजूला झाली.

शीला आत गेली. कोणाला न विचारता तिनं ताटं घेतली, तिघींची वाढली. एकेक भाकर, भाजी, चिरलेली काकडी. तिघींच्या ताटात सारखंच. भुरीबाई बसली. बसताना तिला भिंत धरावी लागली. दोन दिवसांची उपाशी बाई, तरी तिनं भाकरीचा पहिला तुकडा मोडला, भाजीत बुडवला, अन् तिचा हात सवयीनं स्वतःच्या तोंडाकडे न जाता पायलच्या तोंडाकडे गेला.

मधेच तिला कळलं. हात तसाच थांबला. भाजीचा रस तिच्या मनगटावरून ओघळला. मागं घ्यावा तर घेववत नव्हता, पुढं न्यावा तर धजत नव्हती. तिनं भेदरून शीलाकडे पाहिलं. शीलाच्या जिभेवर "भाभी!" आलं होतं. तिनं दात दाबून ते आत ठेवलं.

पायलनं घासाकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे पाहिलं. तिनं भुरीबाईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं अन् हळूच तिच्याच तोंडाकडे वळवलं.

"मले माहं हाय," ती म्हणाली. "तू खा. मी बसली हाव इथी."

भुरीबाईनं तोंड उघडलं अन् तो घास खाल्ला.